स्वागतासाठी मामा फाट्यावर

मामा बोलता बोलता थांबायचे. पाठीमागून मोटारसायकलचा आवाज आला, की वाक्य जिथं असेल तिथं उभं राहायचं. मान वळायची नाही, नजर हलायची नाही. फक्त कान टवकारल्यासारखा चेहरा व्हायचा. गाडी पुढं निघून गेली की ते हळूच म्हणायचे, "सिंगल." नाहीतर, "डबलसीट. नवरा-बायको." आणि तुटलेलं वाक्य जिथं तुटलं होतं, तिथूनच पुढं चालू.

पहिल्यांदा मला गंमत वाटली. तुम्हालाही वाटली असती. दुकानासमोरच्या बाकावर बसून आम्ही चहाच्या पैजा लावायचो. मामा रस्त्याकडं पाठ करून सांगणार आणि आम्ही बघून खात्री करणार. एकदा ते म्हणाले, "डबल वाटतंय, पण माणूस न्हाई." बघतो तर एकटा माणूस, मागं पेंडीचं पोतं. मी विचारलं, हे कसं ओळखलं? म्हणाले, "वळणावर माणूस वाकतो, पोतं वाकत न्हाई."

आम्ही हसलो. आवाजावरून एवढं ओळखायला माणूस कुठल्या शाळेत शिकतो, हे कुणी विचारलं नाही.

न्हावऱ्यात माझं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी एसटीनं शिरूरला जाऊन-येऊन बी.ए. केलं, मराठी घेऊन. दुकानाच्या पाटीवर नावापुढं बी.ए. लिहिलंय, आणि का लिहू नये? पंचक्रोशीत लग्नपत्रिका, वाढदिवस, दशक्रिया, सगळा मजकूर माझ्या हातचा. मामा मला नावानं हाक मारत नसत. "काय ग्रॅज्वेट, आज कुणाला हार्दिक केलं?" असं विचारायचे.

ते गावाचे जावईही नव्हते आणि भावकीतलेही नव्हते. मूळचे यवतच्या बाजूचे. त्यांची बहीण आमच्या गावात दिलेली, तिला मी काकू म्हणतो. काकूंचे मालक विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हा माणूस एसटीतून एक पिशवी घेऊन उतरला आणि राहिलाच. काकूंची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती मामा म्हणायची, म्हणून सगळं गाव मामा म्हणायला लागलं. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला गाव काय काय म्हणतं ते तुम्हाला माहीतच आहे. ते सगळं पाठीमागं बोलून झालं. मग मामा पहाटे उठून काकूंच्या गाईंची धार काढतात, वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीत घालतात, हे लोकांनी बघितलं आणि बोलणं बंद झालं.

दूध आणायचे ते सायकलवर. दोन बाजूंना दोन कॅन. गावात शेणाची पाटी टाकायलाही माणूस मोटारसायकलवर जातो, आणि हे सायकलवर. डेअरीचा सेक्रेटरी चेष्टा करायचा, मामा, सायकल आता शाळेत जमा करा, पोरांना इतिहास शिकवायला होईल. मामा म्हणायचे, "सायकलीला आवाज न्हाई. कान मोकळं ऱ्हात्यात."

कुणी म्हटलं, बसा मागं, सोडतो, तरी बसायचे नाहीत. भाची नर्सिंगला गेली तेव्हा तिला स्कूटी घेऊन दिली ती त्यांनीच. ती पास झाली त्या दिवशी पेढे घेऊन डेअरीवर आली. म्हणाली, मामा, बसा, देवळात जाऊन येऊ. मी तिथंच होतो. मामांनी सीटवर हात ठेवला. पाय उचलल्यासारखा केला. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, तू हो पुढं, मी आलोच. सायकल दामटत देवळापर्यंत गेले. पोरगी पायरीवर पेढ्याचा पुडा धरून थांबली होती. रागावली नव्हती. तिला सवय होती.

आणखी एक. फोटो. लग्नात जेवणाच्या पंगतीला वाढणार, पाहुण्यांना पाणी देणार, पण फोटोवाला वळला की मामा आचाऱ्याकडं. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

येरवड्याला राहून आलेत, एवढं गावाला कुठूनतरी कळलं होतं. म्हाताऱ्यांनी ते गिळून टाकलं. पोरांनी नाही गिळलं. पोरांना ते गोड लागलं.

एकदा फाट्यावर रस्त्याच्या मधोमध एकाचा वाढदिवस चालला होता. गाडीच्या बॉनेटवर केक, मोबाईल वर धरलेले, आणि बर्थडेवाल्याच्या हातात कोयता. आता पुण्यात तशी रीतच पडलीय, आणि पुण्याची रीत आमच्याकडं यायला तास-दीड तास लागतो. मामा सायकल स्टँडला लावून त्यांच्यात गेले. कोयता हातातून काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून खुळखुळा घ्यावा. खांद्यावरच्या टॉवेलनं त्याला लागलेलं क्रीम पुसलं.

"कुणाच्या घरचा?"

पोरगं म्हणालं, आमच्याच.

"आई उसाचं वाढं तोडती ना ह्यानं? मग जाऊन जाग्यावर ठेव. सकाळी तिला लागंल."

कोयता घरी गेला. मी म्हटलं, शाबास, शिकली पोरं. पण पोरं भलतंच शिकली. त्या दिवसापासून ती मामांना लांबून नमस्कार करायला लागली आणि आपसात 'भाई' म्हणायला लागली. एवढ्या शांतपणे कोयता काढून घेणारा माणूस म्हणजे मोठाच असणार, असा त्यांचा हिशेब. मामांना ते कळलं तेव्हा तोंड कडू झाल्यासारखे थुंकले.

भाचीचं लग्न ठरलं. दौंडचं स्थळ, मुलगा दवाखान्यातच कामाला. पत्रिका अर्थात माझ्याकडं. मामांनी बजावलं, माझं नाव नको, नुसतं 'मामा' टाक. मला ते बरं वाटलं नाही. बाप नसलेल्या पोरीचं लग्न. आमच्याकडं बोहल्यावर वधूच्या पाठीशी मामा उभा असतो, भटजी हाक मारून बोलावतात त्याला. ज्यानं नऊ वर्षं पोरगी सांभाळली, त्याचं नाव नाही?

भाचीलाही तेच वाटत होतं. ती एक दिवस दुकानात आली आणि मोबाईलमधला एक फोटो दाखवला. गोठ्यात धार काढताना मामा कशालातरी हसतायत. दाराआडून काढलेला, त्यांना न कळता. म्हणाली, दादा, पत्रिकेत नाही तर नाही, फ्लेक्सवर टाका. त्यांना सांगू नका. बघितल्यावर रागावतील, मग रडतील.

मी त्या फोटोवर दोन दिवस काम केलं. गोठा काढून टाकला, मागं मोगऱ्याची फुलं घातली. नवरा-नवरीच्या बरोबरीनं मोठा चेहरा, खाली मामांचं पूर्ण नाव, आणि माझा मजकूर: 'पित्याच्या मायेने सावली देणारे'. त्याखाली ठळक पिवळ्या अक्षरात दिवस, मुहूर्त, कार्यालय. दहा बाय पंधरा. लग्नाच्या आठ दिवस आधी फाट्यावर उभा केला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फ्लेक्स तो. मी त्याचा फोटो काढून दुकानाच्या नावासकट स्टेटसला ठेवला. पोरांनी तो उचलून गाणं लावून पुढं पाठवला, वर 'भाई' लिहून. संध्याकाळपर्यंत तो कुठं कुठं जाऊन आला होता, ते मला मोजता येणार नाही.

मामा दूध घालून परत येताना फाट्यावर थांबले. मी समोरच्या टपरीत लपून बघत होतो, गंमत बघायला. ते खालून वर वाचत गेले. आधी कार्यालय, मग मुहूर्त, मग नाव. चेहऱ्यापर्यंत पोचल्यावर तिथंच राहिले. रडले नाहीत. रागावलेही नाहीत. सायकलच्या कॅरियरची दोरी सोडली, फ्लेक्सच्या चारी कोपऱ्यांच्या तारा स्वतः सोडवल्या, घडी घातली आणि माझ्या दुकानात आले.

"ग्रॅज्वेट, मोबाईलवर गेलं का हे?"

मी हो म्हटलं. मामा बाकावर बसले, आणि त्या दिवशी दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं.

वडिलांबरोबर पुण्याला भाजी घेऊन जायचे, तिथंच हमालीला राहिले. गल्लीत मंडळ होतं. शेजारच्या गल्लीत दुसरं. गणपतीत ढोल कुणाचा पुढं, यावरून हाणामारी. सायकलची चेन, हॉकी, फार तर सोडावॉटरच्या बाटल्या. डोकं फुटायचं, टाके पडायचे, दसऱ्याला सोनं द्यायला पुन्हा एकमेकांच्या दारात. मग जागांना भाव आला. चाळी रिकाम्या करून पाहिजे असलेले लोक आले, त्यांनी दोन्ही मंडळांना पोसलं. चेनच्या जागी कोयते आले. "कोयतं आपल्याच गावाकडचं," मामा म्हणाले. "आन् धरणारी पोरं बी आपलीच. कुणी बीडचा, कुणी दौंडचा, कुणी माझ्यासारखा. शहरातलं माणूस लांब उभं ऱ्हायचं." एक पडला म्हणून दुसरा, दुसरा पडला म्हणून तिसरा. पाच-सहा वर्षांनी पहिला कशावरून पडला, हे कुणाला सांगता येईना.

मामांनी कधी कोयता चालवला नाही. ते गाडी चालवायचे.

"मागं बसणारा वेगळा. माझं काम गाडी हळू करायची, त्याचं झालं की पळवायची. मी मागं बघायचो न्हाई. नुसतं ऐकायचो. मागचा उतरला की गाडी हलकी व्हती, चढला की जड. तेवढ्यात सगळं झालेलं असतं."

शेवटच्या वेळी ज्याला मारलं तो स्वतःच्या दारात उभा होता. त्याच्या पायाशी त्याचं चार वर्षांचं पोरगं होतं, हातात पाव. मामांनी त्या एकाच वेळी मागं बघितलं. मग तेरा वर्षं येरवडा.

"ते पोरगं आता मोठं झालंय. त्याची सोताची टोळी हाय. मला शोधतंय, हे मला जेलातच कळलं व्हतं. त्याला माझं नाव म्हाईत हाय, तोंड म्हाईत हाय. ठिकाण तेवढं म्हाईत नव्हतं."

टेबलावर माझा फ्लेक्स घडी घालून पडला होता. मी म्हटलं, मामा, मी चुकलो. ते म्हणाले, "तू कशाला चुकतोस. चांगलं लिवलंयस की."

मी म्हटलं, लग्न पुढं ढकलू. त्यांनी विचारलं, काकूंना कारण काय सांगणार? ठरलेलं लग्न मोडलं की पोरीला गाव काय म्हणतं, हे बी.ए.ला शिकवत नाहीत काय? मी म्हटलं, तुम्ही निघून जा कुठंतरी. म्हणाले, मी गेलेलं त्यांना कसं कळणार? ती येणार ती दिलेल्या मुहूर्ताला, दिलेल्या कार्यालयात. मी सापडलो नाही तर मोकळ्या हातानं परत जाणारी ती पोरं नव्हेत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पोलिसांत जाऊन आले. पोलीस एक माणूस देतो म्हणाले. मामांनी त्यांना सांगितलं, तो कार्यालयाच्या दाराशीच द्या.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मला म्हणाले, "आणखी एक कर. नुसतं मोबाईलवरचं. माझा त्योच फोटू टाक. लिव्ह, पाव्हण्यांच्या स्वागतासाठी मामा सोता फाट्यावर उभं ऱ्हानार. वेळ मुहूर्ताची टाक. आन् पयल्यासारखंच सगळीकडं पाठव."

मी विचारलं, मामा, भीती गेली वाटतं?

"भीती हाय म्हणून तर."

मी ते केलं. फुलांची चौकट घातली, रंग चांगले निघाले. 'स्वागतासाठी मामा फाट्यावर' असा मथळा दिला. पुढं पोलिसांना मी सांगितलं, की मला तेव्हा काही कळलं नाही. तुम्हाला खरं सांगतो. मला अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं कळून घ्यायचं मी टाळलं, कारण पूर्ण कळलं असतं तर बटण दाबता आलं नसतं, आणि मग मंडपात काय झालं असतं ते डोळ्यांपुढं येत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामांनी नवा फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "भटजीनं मामाला हाक मारली की तू हो उभा. पाय हलवू नको." मग अक्षतांच्या ताटातून एक मूठ घेऊन शर्टाच्या खिशात टाकली. एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि सायकलला अडकवून गेले. फाटा कार्यालयापासून हाकेच्या अंतरापेक्षा थोडा पलीकडं. तिथं पाहुणे उतरतात, कुणीतरी उभं राहायला हवंच, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही.

वाटलं ते भाचीला. बोहल्यावर आल्यावर तिनं मागं बघितलं, तर फेट्याखाली मी. म्हणाली, मामा कुठंयत? मी म्हटलं, पाहुणे सोडून येता येईना. काकू खालून म्हणाल्या, "जलमभर पोरीच्या पाठी उभा ऱ्हायला, आन् आजच बरं ह्याला पाव्हणं दिसलं." बायका हसल्या. अंतरपाट धरला. दाराशी हवालदार सरबत पीत होता.

मंगलाष्टका सुरू झाल्या. बोहल्याच्या कडेला माझी पाठ लोकांकडं होती. प्रत्येक कडव्याला मागून अक्षता यायच्या आणि फेट्यावर, मानेवर, पाठीवर पडायच्या. तांदळाचा दाणा केवढा असतो? पण दरवेळी मी आतून आक्रसत होतो. तेव्हा मला कळलं, की हा माणूस नऊ वर्षं हे पाठीवर घेऊन दूध घालत होता. चौथ्या कडव्याला खिशातला फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा लागला. मी पाय हलवला नाही. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला, फटाके लागले, हार पडले, आणि मग फाट्याकडून एकजण चप्पल हातात घेऊन पळत येताना दिसला.

नवरी हारासकट धावली. तिला कुणी अडवू शकलं नाही.

सहा दिवसांनी गाडीवरची दोघंही सापडली. मागं बसणारा सव्वीस वर्षांचा, हातात पाव असलेलं तेच पोरगं. चालवणारा एकोणीसचा, मामा पहिल्यांदा गाडीवर बसले तेवढ्याच वयाचा.

पंचनाम्याला पंच म्हणून मी होतो. वाचून सही करणारा माणूस पाहिजे होता. मी वाचलं. खुर्ची एक, पांढरी, उभी. सायकल एक, स्टँडला लावलेली. चपला दोन, जोडून काढलेल्या. तांदूळ, हळद-कुंकू लावलेले, रस्त्याच्या कडेच्या मातीवर, सगळे एकाच बाजूला, कार्यालयाच्या दिशेनं. मृताची पाठ हमरस्त्याकडं.

फाट्यावरचा रसवंतीवाला एकटाच बघणारा होता. हवालदारानं त्याला तीनतीनदा विचारलं, मागून गाडी आलेली त्यांना कळली नसेल का. फटाके, लाऊडस्पीकर, आवाजात ऐकू आली नसेल.

"फटाकं नंतर लागलं, साहेब. लाऊडस्पीकरवर मंगलाष्टक चाललं व्हतं, ते इथपत्तुर सपष्ट येतं. मामा चपला काढून तिकडं तोंड करून उभं व्हतं, त्याच्याबरूबर म्हणत व्हतं. कडवं झालं की खिशातनं चार दाणं काढून तिकडं टाकायचं. तेवढ्यात मागं गाडी आली, वळणावर हळू झाली. दोघं व्हती. मला वाटलं मामा थांबत्यात, नेहमी थांबायचं तसं." त्यानं रसाच्या चरकावर हात ठेवला. "न्हाई थांबलं. म्हणतच व्हतं."